वल्ह्यातून आलेली खबर

आधी माफी मागतो. गेलेल्या माणसाबद्दल पुरवणीत लिहायचं तर लिहिणाऱ्याचं काही वय असावं, नाव असावं, निदान त्या माणसाशी नातं तरी असावं. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी प्राणिशास्त्र घेऊन कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं वाचून दाखवावं, चूक विचारावी, असं घरात कुणी नाही. आई काजूच्या कारखान्यात गर सोलते. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "लिव. पण जाणत्या माणसाबद्दल लिवतंस, वायच जपान लिव." नफीसाचाचींना, म्हणजे उस्मानचाचांच्या पत्नीला, विचारायला गेलो तर त्या सूप खाली ठेवून म्हणाल्या, "लिव रे. पण तेंका शाणे करून लिव नको. ते शाणे नाय होते. हट्टी होते."

तेव्हा हे एका हट्टी माणसाबद्दल आहे, असं समजून वाचावं.

चाचा गेल्याचं मला सगळ्यांच्या नंतर कळलं. त्या दिवशी मी ओरोसला होतो. जिल्हाभरातल्या कॉलेजांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं आणि आत शिरतानाच सगळ्यांना फोन बंद करायला लावले होते. दुपारी बाहेर आलो, फोन सुरू केला, तर चाचींच्या नंबरावरून पाच वेळा फोन येऊन गेलेले. मी ते पाहिले आणि फोन पुन्हा खिशात टाकला. फोन कशासाठी आले असणार ते मला ठाऊक आहे, असं मला वाटलं होतं, आणि म्हणूनच उलट फोन करण्याचं धाडस होईना. का होईना, ते पुढे सांगणार आहे. ते सांगितलं नाही तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. कुडाळच्या स्टँडवर बस बदलताना शेवटी फोन केला. तो चाचींनी उचलला नाही, शेजारच्या कुणीतरी उचलला. "खंय होतंस रे? चाचा गेले. आत्ताच माती देवन इलो आमी..."

आमच्या गावाची रचना थोडी सांगायला हवी. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बंधारा आहे. बंधाऱ्याच्या आत पसरट तळं आहे, अर्धं खारं, अर्धं गोडं. त्याला आम्ही खाजण म्हणतो. बंधाऱ्यात एके जागी लाकडी दारं आहेत, ती उघाडी. भरतीचं किती पाणी आत घ्यायचं आणि ओहोटीला किती सोडायचं, हे उघाडीच्या फळ्या वरखाली करून ठरतं. दुसऱ्या टोकाला डोंगराकडून येणारा व्हाळ, म्हणजे ओढा, खाजणात उतरतो. उघाडी सांभाळण्याचं काम तीन पिढ्या चाचांच्या घराकडे. घरही तिथेच, बंधाऱ्याला टेकून. लहानपणापासून मी त्यांना पाहत आलो होतो, पण लांबून. लुंगी, बनियन, उन्हाने उडालेल्या रंगाची टोपी, आणि हातात वल्हं. होडीत नसतानाही त्यांच्या हातात वल्हं असे, इतर म्हाताऱ्यांच्या हातात काठी असते तसं.

दोन वर्षांपूर्वी सर वर्गात चिलापीबद्दल शिकवत होते. हा मासा मूळचा इथला नाही, आफ्रिकेतला. शेततळ्यात पाळायला आणतात, पावसात तळं भरून वाहिलं की तो ओढ्यात उतरतो, ओढ्यातून खाडीत जातो, आणि एकदा रुजला की इथल्या माशांना जागा ठेवत नाही. "कुणाच्या गावात दिसतो का?" सरांनी विचारलं. मी हात वर केला. वर्षभरात पहिल्यांदाच वर केला होता, म्हणून सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मी म्हणालो, "सर, आमच्या खाजणात आता तोच मिळतो. आधी काळुंदर मिळायचं."

सरांनी मला कामाला लावलं आणि मी वही घेऊन चाचांकडे गेलो. ते पडवीत फळीला डांबर लावत होते. मी स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणालो, "मला तुमच्याकडून आक्रमक मत्स्यप्रजातींविषयी माहिती हवी आहे." त्यांनी हातातला कुंचला थांबवला. घरात बघून ओरडले, "अगो, भायर ये. शिरपतीचो झिल हापिसातलो सायब होवन इलो." मग मला म्हणाले, "बस. काय व्हया ता आमच्या भाषेत विचार. माशांका तुझी भाषा कळना नाय आणि माकाव." त्या दिवसापासून माझं नाव 'कालेज' पडलं. शेवटपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

चिलापीचा त्यांना राग असेल असं मी धरून चाललो होतो. तसं नव्हतं. त्यांना तिच्याबद्दल कुतूहलच जास्त होतं. एकदा त्यांनी पागात, म्हणजे फेकून मारायच्या गोल जाळ्यात, सापडलेली चिलापी ओंजळीत धरली आणि तिचा जबडा अंगठ्याने हलकेच उघडला. आतून राईएवढी पिल्लं बाहेर पडली. "बग. तोंडात पोरां घेवन फिरता. खाना नाय, पिना नाय, पोरां मोठी होयसर तोंड मिटून रवता. आवस म्हणान ती बरी आसा रे. पण घर दुसऱ्याचा." काळुंदर तसं नाही. ते दगडावर अंडी चिकटवतं आणि नर-मादी दोघं समोर उभी राहून पंखांनी वारा घालतात. राखणीला बसलेल्या त्या जोडीला चिलापीची झुंड धडका मारून हुसकावते आणि अंडी खाऊन टाकते. व्हाळ जिथे खाजणात उतरतो तिथेच ते दगड होते, आणि वरून उतरणारी चिलापी पहिल्यांदा तिथेच पोचत होती. चाचा म्हणायचे, "पावणी इली आणि बाळंतिणीची खोली अडवन बसली."

आणि ते ऐकणं... त्याबद्दल कसं लिहावं ते कळत नाही. चाचांची होडी लहान, दोन माणसांची. खाजणाच्या मध्यावर गेलं की ते वल्हं उभं पाण्यात सोडायचे आणि वरच्या टोकाला उजवा कान लावायचे. डावा कान त्यांचा तरुणपणीच गेला होता. वल्ह्याच्या त्या टोकाला कान टेकून टेकून एक गुळगुळीत खळगा पडला होता. डोळे मिटून ते बराच वेळ तसेच बसत. मग सांगत, आज शेवटे मासे वरच्या अंगाला आहेत, सुंगटं, म्हणजे कोळंबी, चिखलात चटचटतायत, काळुंदर नाही. याला ते 'ऐकणं' म्हणत नसत. "खबर घेतंय," म्हणत. पाण्याची खबर, माशांची खबर. कधी काही ऐकू आलं नाही तर म्हणायचे, "खबर येयना."

काळुंदराची खबर कशी असते, मी विचारलं. ते म्हणाले, "रिकाम्या माठार नखान टिचकी मारलंस तर कशी वाजता? दोन टिचके. मगे थांबता. मगे परत दोन. दगडार बसला काय तसा करता."

मी पुस्तकात शोधलं. काही मासे आवाज काढतात, हे मिळालं. बाकी मिळालं नाही. मग एका सकाळी त्यांनी वल्हं माझ्या हातात दिलं. मी कान लावला. लाकूड थंड होतं आणि आत नुसता दाब होता, कानात पाणी गेल्यावर असतो तसा. खूप वेळ काहीच नाही. आणि मग अचानक, टक टक. थांबलं. टक टक. मी उडालोच. "चाचा, खबर इली! दोन टिचके!" चाचा गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "नक्की?" "नक्की!" त्यांनी बोट वर करून दाखवलं. वल्ह्याचा दांडा त्यांनी खाली धरला होता आणि नखाने तेच टिचक्या मारत होते. "मी मारलंय ता तू आयकलंस. त्याच्या आधी काय आयकलंस?" मी वल्ह्यावरून कान काढला. "काय नाय ना? मगे काय नाय म्हण. खबर नाय हीव एक खबरच, कालेज." होडीत ते इतके हसले की होडी डुलायला लागली. मला मात्र त्या दिवशी थोडं लागलं होतं.

आमचा प्रकल्प असा होता. व्हाळाच्या मुखाशी जाळी लावता येत नव्हती. पाला अडकून ती तुंबते, वरच्या शेतांत पाणी चढतं, शिवाय व्हाळातून खाली येणारे बाकीचे जीव अडकून मरतात. पाणी अडवायचं नाही, फक्त मासा अडवायचा, तर काय करायचं? सरांनी सांगितलं की काही देशांत यासाठी बुडबुड्यांची भिंत करतात. पाण्याच्या तळाशी भोकांची नळी टाकायची, तिच्यात हवा सोडायची, बुडबुडे रांगेत वर येतात. त्यात पाण्याखालचा भोंगा ठेवून आवाज सोडायचा. बुडबुड्यांमुळे आवाज त्या पट्ट्यातच कोंडून राहतो, पलीकडे फार जात नाही. माशाला समोर दिसायला पांढरी भिंत, आणि जवळ आला की गोंगाट. तो वळून जातो.

हे चाचांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघत राहिले. "म्हणजे आमी शेवटे जाळ्याकडे हाकलूक होडीच्या कडेर काठी बडवतो, तसाच?" मी म्हणालो, तसंच. ते खूष झाले. चाची आतून म्हणाल्या, "आवाज व्हयो तर ह्यांचा घोरणा सोडा. चिलापीच काय, कुर्लेव खाडी सोडून पार रेडीच्या बंदराक जातले."

बंद पडलेल्या कोळंबी प्रकल्पातून सरांनी हवेचं यंत्र मागून आणलं. नळीला भोकं मी आणि चाचांनी पडवीत बसून पाडली, तापवलेल्या दाभणाने. वीज चाचांच्या घरातून लांब वायर ओढून नेली आणि नळी मुखापासून थोडी वर, व्हाळात टाकली. एका पेटीत दोन बटणं होती, एक हवेचं, एक आवाजाचं. चाचांना अक्षरओळख नव्हती, म्हणून आवाजाच्या बटणाला मी लाल चिकटपट्टी लावली. आवाज कुठला सोडायचा यावर बराच खल झाला आणि शेवटी चाचांनी होडीच्या कडेवर काठी बडवली तोच मी फोनवर टिपून घेतला. यंत्र पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा व्हाळाच्या या काठापासून त्या काठापर्यंत पाणी पांढरं होऊन उकळल्यासारखं वर आलं. चाचा काठावर उकिडवे बसले आणि चहा येऊन निवला तरी उठेनात. "पडदो," ते म्हणाले. चाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. "आता माशांकव पडदो? बरा आसा. माका चाळीस वर्सां पुरलो, तेंकाव पुरात."

दर आठवड्याला चाचा पाग टाकत, भिंतीच्या वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला, आणि काय मिळालं ते मी वहीत लिहीत असे. महिन्याभरात खाली चिलापी कमी होऊ लागली. सरांना मी वही दाखवली, तर ते खुर्चीतून उठले. असं कुणी माझं काही बघून उठलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. प्रकल्प ओरोसला पाठवायचं ठरलं. आईने कारखान्यातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं.

चाचा मात्र गप्प गप्प व्हायला लागले होते. एके दिवशी त्यांनी मला होडीतून व्हाळाच्या मुखाकडे नेलं, काळुंदराच्या दगडांपाशी. वल्हं सोडून कान लावला. मग वल्हं माझ्याकडे दिलं. मला त्यातून फक्त काठीचा आवाज ऐकू आला, धप् धप् धप्, भिंतीपासून इतक्या लांबही स्पष्ट. नळीची भोकं गाळाने बुजत होती, बुडबुड्यांची रांग मध्येमध्ये तुटत होती आणि आवाज त्या फटींतून खाजणभर पसरत होता. चाचा म्हणाले, "चिलापी अर्धी बहिरी आसा, कालेज. ती पडद्याक भिता, आवाजाक न्हंय. काळुंदराक कान आसत. तू पावण्याक हाकलूक गेलंस आणि घरच्याकच भायर काढलंस."

मी सरांना विचारलं. त्यांनी मला एक आकृती दाखवली. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. काही माशांत ती पिशवी पुढे थेट कानापर्यंत पोचलेली असते, म्हणून त्यांना जास्त आणि बारीक ऐकू येतं. काळुंदराच्या जातीत ती तशी असते. चिलापीत नसते. मी ती आकृती किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे! अक्षर न येणाऱ्या माणसाने लाकडाला कान लावून जे ओळखलं होतं ते तिथे पानावर रेखाटलेलं होतं. आनंद झाला. आणि त्याच क्षणी कळलं की वही पुन्हा उघडावी लागणार. वहीत काळुंदराचा रकाना मी ठेवलेलाच नव्हता. काळुंदर आधीच इतकं कमी मिळत होतं की मला तो रकाना फुकट वाटला होता.

चाचांनी साधी गोष्ट मागितली. "ती लाल पट्टी बंद कर. पडदो असूं दे. पडदो पुरे." काळुंदर दगडावर बसायचे दिवस जवळ आले होते. हे दिवस गेले तर पुढे पावसानंतरच. मी म्हणालो, "चाचा, प्रदर्शन होऊ दे. आता मध्येच बदललं तर सगळे आकडे बिघडतील. फक्त तीन आठवडे." चाचा वल्ह्यावर हनुवटी टेकून म्हणाले, "काळुंदर तुझा प्रदर्शन बघूक थांबना नाय रे." बटण मी तसंच ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. रागावले नाहीत.

मग त्यांची छाती भरली. आधी सर्दी, मग ताप, मग दोन पावलं चालले तरी धाप. डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. ओरोसला निघायच्या आदल्या दुपारी मी गेलो तेव्हा ते पडवीत खाटेवर होते, वल्हं भिंतीला उभं. श्वास लागत होता, तरी मला बघून उठून बसले. म्हणाले, "उद्या जातंस? बरां. सदरो इस्त्री केलंस काय?" मी हो म्हणालो. मग त्यांनी विचारलं, "ती लाल पट्टी... बंद केलंस?"

मी म्हणालो, "होय चाचा. केलंय."

बंद केली नव्हती. उद्या प्रदर्शन आटोपलं की संध्याकाळी येऊन बंद करीनच, म्हणजे एका दिवसाचाच फरक, असं मी मनात म्हटलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. टिचक्या मारल्या त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. पण या वेळी बोट वर केलं नाही. "बरां," एवढंच म्हणाले.

ओरोसला माझ्या तक्त्यासमोर तपासायला आलेल्या बाई थांबल्या. सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "याचा तुमच्याकडच्या मूळ माशांवर काही परिणाम?" मी तक्त्यात हे लिहिलं नव्हतं. न लिहिलेलं तसंच ठेवता आलं असतं, त्यांना कळायचा मार्ग नव्हता. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. आवाजाने आधी तेच पळाले. चिलापी बुडबुड्यांनी वळते. आवाज नको होता. हे मला एका माणसाने सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नाही." बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढे गेल्या. बक्षीस दुसऱ्यांना मिळालं. ते बरोबरच झालं. बाहेर आलो तेव्हा हलकंसुद्धा वाटत होतं, आणि मग फोन सुरू केला तर ते पाच फोन... मला वाटलं, चाचांना कळलं. कुणीतरी त्यांना सांगितलं की आवाज अजून सुरू आहे. त्यांना काय तोंड दाखवू, म्हणून मी फोन खिशात टाकला. पुढचं वर लिहिलं आहे.

गावात पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. चाचींकडे जायच्या आधी मी व्हाळाकडे पळालो. निदान आता तरी ते बटण बंद करावं, एवढंच डोक्यात होतं. पेटी उघडली. लाल पट्टीचं बटण बंद होतं. हवेचं सुरू होतं. पाण्यावर बुडबुड्यांची रांग या काठापासून त्या काठापर्यंत, मध्ये कुठेही न तुटलेली. नळी कुणीतरी हलवून गाळ झाडला होता.

चाची माणसांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं. रडून झालं होतं, आवाज बसला होता. "फाटेक फजराच्या नमाजानंतर उठले. मी म्हटलंय, खंय जातंत? तर म्हणतत, कालेजान वायच काम ठेवल्यान, ता करून येतंय. वल्ह्यार टेकत टेकत गेले. मी मागसून गेलंय तर पाण्यात गुडघ्यापर्यंत उभे, नळी हलयतत. मगे दगडार बसले आणि वल्ह्याक कान लावन रवले. किती येळ! मी हाका मारतंय तर हात करतत, गप रव म्हणान."

"मगे?" मी विचारलं.

"मगे घराक इले. माका म्हणतत, फोन लाव. कालेजाक खबर देवची आसा. दोनदा लावलंय. तुझो फोन बंद. म्हटलंय, काय खबर ती माका सांगा, मी सांगतंय तेका. तर म्हणतत, 'तुका नाय. तेकाच.' आडवे झाले... आणि मगे उठूकच नाय."

पाचातले पहिले दोन फोन चाचांचे होते. नंतरचे तीन चाचींनी केले होते, ते गेल्याचं सांगायला.

कसली खबर होती, ते कुणालाच माहीत नाही. माझं खोटं त्यांना कळलं होतं, हीच खबर मला द्यायची होती का? पण मग चाचींना 'कालेजान काम ठेवल्यान' असं कशाला सांगितलं असतं? माझं खोटं त्यांनी घरातल्या माणसालासुद्धा कळू दिलं नाही. ते आजवर कुणाला ठाऊक नव्हतं. आता हे वाचणाऱ्यांना ठाऊक झालं.

चाळीसाव्याला मी गेलो होतो. जेवणं झाल्यावर चाचींनी भिंतीला टेकलेलं वल्हं उचलून माझ्या हातात दिलं. "मुलगो जहाजार. तो ह्या घेवन काय करतलो? तू ने." मी नको म्हणालो. त्या म्हणाल्या, "घे रे. हट्टी माणसाची वस्तू आसा, हय ठेवलंय तर माकाच उलट उत्तरां देयत."

तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार सकाळी मी कॉलेजला जायच्या आधी होडी घेऊन खाजणात जातो. आवाजाचा भोंगा काढून सरांना परत दिला. बुडबुडे सुरू आहेत, आठवड्याला नळी झाडतो. चिलापी पूर्ण थांबलेली नाही, पण वरच्या बाजूपेक्षा खाली कमी मिळते. वहीत आता काळुंदराचा रकाना आहे. दगडांपाशी जाऊन मी वल्हं सोडतो आणि त्या खळग्यात कान ठेवतो. खळगा माझ्या कानापेक्षा मोठा आहे, जरा सरकवून घ्यावं लागतं. पहिले कितीतरी दिवस काही नव्हतं. लांबून बुडबुड्यांची खळखळ, सुंगटांची चटचट, बाकी दाब. रोज वहीत लिहिलं, 'खबर नाही.' खबर नाही हीही एक खबरच, म्हणून न चुकता लिहिलं.

गेल्या मंगळवारी भरती थांबून पाणी स्तब्ध झालं होतं. कान लावून बसलो होतो. आणि दोनदा वाजलं. रिकाम्या माठावर नख वाजतं तसं. मी श्वास धरला. थांबलं. पुन्हा दोनदा. मला पहिल्यांदा माझ्या बोटांचीच शंका आली. वल्हं खांद्याला टेकवलं, दोन्ही हात काढून हवेत वर धरले, आणि कान तसाच ठेवला.

टक टक... टक टक.